लहान मुलांच्या बायबलच्या तासाला काय सांगावं आणि काय सांगू नये

प्रश्न असा आहे: ख्रिस्ती शाळेत नव्यानं रुजू झालेल्या एका शिक्षिकेकडे बालवर्ग ते तिसरीपर्यंतचा बायबलचा तास आला आहे. सुरुवात कुठून करू, मारामारी आणि मरणाच्या कथांचं काय करू, पाठांतर किती घेऊ, गुण द्यावेत का, आणि मुलांनी भलतेच प्रश्न विचारले तर काय सांगू, असं तिनं विचारलं आहे. मी बरीच वर्षं हाच तास घेतला आणि आता नव्या शिक्षकांची तयारी करून घेते, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी एक सवय सोडा. गोष्ट संपल्या संपल्या "मग मुलांनो, यातून आपण काय शिकलो?" असं विचारणं बंद करा. हा प्रश्न विचारला की मुलं लगेच शहाण्यासारखा चेहरा करतात आणि टीचरला हवं ते उत्तर देतात: खोटं बोलू नये, आईबाबांचं ऐकावं, वाटून खावं. गोष्ट कुठलीही असो, उत्तरं हीच तीन-चार. दुसरीतल्या मुलाला हे गणित चांगलं कळलेलं असतं, आणि एकदा कळलं की तो गोष्ट ऐकायचं सोडून देतो. शेवटी काय म्हणायचं ते त्याला आधीच ठाऊक असतं ना.

जक्कयाची गोष्ट घ्या (लूकचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक, अध्याय १९). लहान मुलांना ती हमखास आवडते, कारण मोठा माणूस बुटका आहे आणि झाडावर चढतो. वर्गात ती बहुतेक वेळा अशी सांगितली जाते: जक्कय वाईट होता, लोकांना लुबाडायचा, येशूनं त्याला समजावलं, तो सुधारला, म्हणून आपणही लबाडी करू नये. आता मूळ मजकूर उघडून वाचा. येशू जक्कयाला समजावतच नाही. एक शब्दही रागावत नाही. तो उंबराखाली थांबतो, त्याला नावानं हाक मारतो आणि म्हणतो की आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. लोक कुरकुरतात की हा पापी माणसाकडे पाहुणा गेला. अर्धी मालमत्ता गरिबांना देईन, फसवलेल्यांना चौपट परत करीन, हे जक्कय त्यानंतर म्हणतो. आधी घरी येणं, मग सुधारणं. हा क्रम म्हणजेच ती गोष्ट आहे, आणि "लबाडी करू नये" म्हणताना आपण नेमका तोच उलटा करतो. मूल घरी काय घेऊन जातं? आधी चांगलं वागा, मग येशू तुमच्याकडे येईल. ज्या माणसाबद्दल कुरकुर झाली त्याची गोष्ट सांगता सांगता आपण कुरकुर करणाऱ्यांचं मत शिकवून मोकळे होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्यातून निघतं: बायबलमधली गोष्ट बोधाची साखरेत घोळलेली गोळी नाही. ती जशी लिहिली आहे तशी, त्याच क्रमानं, तिच्या अडचणींसकट सांगा आणि मुलांना तिच्यात राहू द्या. बायबलमधली माणसं नमुनेदार नाहीतच. याकोब बापाला फसवतो. मोशे जळत्या झुडपापाशी सबबींवर सबबी सांगतो. येशूचा शिष्य पेत्र तीनदा "मी त्याला ओळखत नाही" म्हणतो. योसेफ सतराव्या वर्षी भावांच्या चुगल्या बापाला सांगतो, आणि तुम्ही सगळे माझ्यापुढे वाकाल अशी स्वप्नं त्यांनाच ऐकवतो. "योसेफासारखे व्हा" म्हणून फळ्यावर लिहिणाऱ्यांनी उत्पत्तीचा ३७ वा अध्याय पुन्हा वाचावा. मुलांना मात्र ही चुगली बरोबर सापडते. भावंडं असलेल्या प्रत्येक मुलाला ती बाजू ठाऊक असते.

पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचंही तेच. तेवढ्यात हजारो लोकांना जेवू घालण्याचा हा चमत्कार चारही शुभवर्तमानांत आहे, पण मुलगा फक्त योहानाच्या सहाव्या अध्यायात येतो, आणि तोही शिष्य अंद्रियाच्या एका वाक्यात. त्यानं आनंदानं आपला डबा पुढे केला असं कुठेही लिहिलेलं नाही. कदाचित केला असेल, कदाचित अंद्रियानंच मागितला असेल. आपण त्याला वाटून खाण्याचा आदर्श करून टाकतो आणि येशूनं काय केलं ते मागे राहतं. वर्गाला सरळ विचारा, "त्या मुलाला काय वाटलं असेल?" एखादं मूल म्हणेल, "त्याला भीती वाटली असेल की आता मला काहीच उरणार नाही." मग बारा टोपल्या उरल्या हे सांगायला मजा येते.

यासाठी तयारी एकच, पण ती टाळता येत नाही. मुलांच्या चित्रमय पुस्तकातून नव्हे, बायबलमधूनच तो भाग दोन-तीनदा वाचा, शक्यतो आदल्या दिवशी. आपल्याला आठवते ती गोष्ट बरेचदा नाताळच्या नाटकांतून आणि भिंतीवरच्या चित्रांतून आलेली असते. बाळ येशूला भेटायला आलेले मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, किती होते हे मत्तय सांगत नाही. भेटी तीन होत्या एवढंच. आणि ते गोठ्यात नव्हे, घरात येतात. लूकच्या दुसऱ्या अध्यायात दार लावून घेणारा खानावळवाला नाही आणि मरीयेचं गाढवही नाही. एदेन बागेतलं फळ सफरचंद होतं असं लिहिलेलं नाही. योनाला गिळतो तो 'मोठा मासा'. सिंहांच्या गुहेतला दानीएल चित्रांत विशीतला तरुण असतो. बाबेलला नेलं तेव्हा तो कोवळा होता खरा, पण गुहेच्या प्रसंगापर्यंत राजवटी बदलून गेल्या आहेत आणि तो म्हातारा झाला आहे. हे सांगितलं की वर्ग खूष होतो. म्हातारा माणूस सिंहांसमोर! त्याच अध्यायात राजाला रात्रभर झोप लागत नाही, तो जेवतही नाही, आणि पहाटे धावत गुहेकडे येतो. हा तपशील सोडू नका.

नाटकात खानावळवाला ठेवायचा तर खुशाल ठेवा, कोणाला तरी भूमिका द्यावीच लागते. पण तासाला सांगताना "इथे असं लिहिलेलं नाही, हे आपण मनानं घातलंय" असं म्हणायला शिका. लिहिलेलं काय आणि आपण घातलेलं काय, हा फरक सहा वर्षांच्या मुलाला कळतो. पुढे मोठं होऊन तेच मूल मजकूर नीट वाचू लागतं तेव्हा त्याला फसवल्यासारखं वाटत नाही.

आता वयाचं बघू. १९६०च्या दशकात रोनाल्ड गोल्डमन या ब्रिटिश संशोधकानं मुलांना तीन कथा ऐकवून (जळतं झुडूप, तांबडा समुद्र ओलांडणं, येशूची रानातली परीक्षा) त्यांना काय कळतं ते बारकाईनं विचारलं. लहान मुलं सगळं शब्दशः घेतात आणि रूपकं त्यांच्या हाती लागत नाहीत, हे त्यानं दाखवलं. त्यावरून लवकर फार बायबल शिकवू नये असा निष्कर्ष त्यानं काढला आणि त्यावर बराच वादही झाला. त्याचं निदान मला पटतं, औषध पटत नाही. कमी करायचं ते गोष्टी नव्हे, आपली रूपकं. "येशू तुझ्या हृदयात राहतो" म्हटलं की पाच वर्षांचं मूल छातीत बसलेला छोटा माणूस बघतं. "त्याच्या रक्तानं आपण धुतले जातो" हे वाक्य मोठ्यांच्या उपासनेत अर्थपूर्ण असतं, बालवर्गात नुसतं भीतीदायक. याउलट "वादळात येशू नावेत उशीवर डोकं ठेवून झोपला होता" (मार्क ४) हे त्या मुलाला जसंच्या तसं कळतं, आणि त्यातलं जे खोल आहे तेही आपोआप पोचतं.

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी थोड्याच गोष्टी घ्या आणि पुन्हा पुन्हा सांगा. हरवलेलं मेंढरू (शंभरातलं एक हरवतं आणि मेंढपाळ बाकीची सोडून ते शोधायला जातो), वादळ शमवणं, येशूनं मुलांना जवळ घेणं, आंधळ्या बर्तीमयाचं ओरडणं, टोपलीतला मोशे आणि लांबून पाहत उभी असलेली त्याची बहीण. उत्पत्तीचा पहिला अध्याय या वयाला फार चांगला, कारण त्याला ठेका आहे: दिवस मोजले जातात, 'चांगले आहे' परत परत येतं. मुलं तिसऱ्या दिवसापासून तुमच्याबरोबर म्हणू लागतात. इथे सोफिया काव्हालेत्ती यांचं नाव घ्यायला हवं. त्या हिब्रूच्या अभ्यासक. १९५४ मध्ये रोममध्ये माँटेसरी पद्धतीच्या शिक्षिका जान्ना गोब्बी यांच्याबरोबर त्यांनी लहान मुलांसोबत काम सुरू केलं. त्यांचं निरीक्षण असं की तीन ते सहा वयाची मुलं चांगल्या मेंढपाळाच्या दाखल्याकडे पुन्हा पुन्हा वळतात. मेंढपाळ मेंढरांना नावानं ओळखतो, एवढंच त्यांना पुरतं. माझाही अनुभव तोच आहे. या वयात "तुला नावानं ओळखणारा कोणी आहे" यापलीकडे कुठलंही मोठं तत्त्व पोचवायची घाई करू नका.

सहा-सात वर्षांपासून लांब कथा घ्या. योसेफाची कथा उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायापासून ५० व्यापर्यंत चालते. ३८ वा अध्याय आणि पोटीफराच्या बायकोचा प्रसंग वगळला तरी पाच-सहा आठवडे पुरते. दर वेळी मधेच तोडा. भावांनी योसेफाला वीस रुप्यांना विकलं आणि तास संपला. मुलं चिडतात, पुढच्या आठवड्यात दारातच विचारतात. ही कथा मोठी आहे ती तिच्या रडण्यामुळे: योसेफ अधिकारी झाल्यावर भावांसमोर येऊन परत परत रडतो, कधी आत जाऊन, कधी मोठ्यानं. त्यानं भावांना लगेच माफ केलं का? नाही. तो त्यांना तुरुंगात टाकतो, पैसे गुपचूप परत ठेवतो, बन्यामिनाच्या गोणीत प्याला लपवतो. "त्याला अजून राग होता का?" यावर दुसरीचा वर्ग अर्धा तास भांडू शकतो, आणि दोन्ही बाजूंनी मजकुरातले पुरावे देतो. मला यापेक्षा चांगला बायबलचा तास ठाऊक नाही.

आठ वर्षांच्या पुढे रूथ, एलीया, एस्तेर, नामान आणि प्रेषितांची कृत्ये. नामानाच्या गोष्टीत (२ राजे ५) पकडून आणलेल्या लहान मुलीवर थांबा. तिचं नावही दिलेलं नाही, आणि सगळी कथा तिच्या एका वाक्यावर उभी आहे. योनाची गोष्ट मात्र पूर्ण सांगा. चार अध्यायांच्या त्या पुस्तकात मासा मोजक्या वचनांपुरता येतो. योना चिडून उन्हात बसतो, झाड वाळलं म्हणून मरायचं म्हणतो, आणि पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं: एवढ्या मोठ्या निनवे शहराची, तिथल्या लाखाहून अधिक माणसांची आणि गुराढोरांची मी कीव करू नये काय? उत्तर दिलेलंच नाही. तुम्हीही देऊ नका.

आता हिंसेचं. इथे दोन टोकं दिसतात: एक तर सगळं गोडगोड करून टाकायचं, नाहीतर 'देवाचं वचन आहे' म्हणून काहीही सांगायचं. जलप्रलय हे गोडगोडाचं सर्वात ठळक उदाहरण. नोहाच्या तारवातून जिराफ डोकावतोय, वर इंद्रधनुष्य, आणि खाली काय झालं ते कोणीच बोलत नाही. मग सहा वर्षांचं मूल विचारतं, "बाकीची मुलं कुठे गेली?" आणि टीचर विषय बदलते. माझं मत: या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची तयारी नसेल तर ती गोष्ट त्या वर्षी घेऊच नका. घेणार असाल तर "ही खूप दुःखाची गोष्ट आहे, आणि देवाला वाईट वाटलं असं इथे लिहिलं आहे" हे सांगा. उत्पत्ति ६:६ मध्ये ते खरंच आहे.

इसहाकाच्या अर्पणाची कथा (अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून आपल्या मुलाचा बळी द्यायला निघतो ती) मी आठ वर्षांखालच्या मुलांना सांगत नाही. तुम्ही कितीही विश्वासाबद्दल बोला, मूल स्वतःला त्या लाकडांवर बघतं आणि घरी जाऊन बाबांकडे वेगळ्या नजरेनं पाहतं. बापाच्या नवसाला बळी पडलेली इफ्ताहाची मुलगी, शास्ते या पुस्तकाचा शेवटचा भाग, यहोशवातले संहार हे या वयात नकोत. अलीशा संदेष्ट्याला टकल्या म्हणणाऱ्या पोरांवर अस्वलं आली, ती कथा वर्गात शिस्त लावण्यासाठी वापरणारे शिक्षक असतात. कृपा करून तसं करू नका. दावीद आणि धिप्पाड गल्याथाची गोष्ट घ्या. डोकं कापण्याचा तपशील सोडला तरी चालतो. पण शौलाचं चिलखत दाविदाला पेलत नाही आणि तो ते काढून ठेवतो, थोरला भाऊ अलियाब त्याच्यावर खेकसतो, तो ओढ्यातून पाच गोटे निवडतो, हे सगळं हवं.

वधस्तंभ टाळायचा नाही. ख्रिस्ती शाळेत मुलं तो रोज भिंतीवर पाहतात. त्याबद्दल बोललो नाही तर ती मनानंच काहीतरी रचतात. पण खिळे, काटे, रक्त यांची वर्णनं नकोत. "त्यांनी येशूला पकडलं, वधस्तंभावर मारलं, त्याचे मित्र पळून गेले, त्याची आई तिथे उभी होती." चार वाक्यं पुरतात. आणि एक नियम पाळा: येशूच्या मरणाचा शुक्रवार सांगून मुलांना घरी पाठवायचं नाही. त्याच तासात रविवारची सकाळ, म्हणजे त्याचं पुन्हा उठणं, आलीच पाहिजे, भले घाईत का होईना. "तुझ्या पापामुळे येशूला खिळे ठोकले" हे वाक्य पाच वर्षांच्या मुलासमोर उच्चारू नका. ते त्याला अगदी खरं वाटतं आणि रात्री झोपू देत नाही.

याच ओघात शिस्तीचं सांगून टाकते. "देव बघतोय हं!" हे वर्ग शांत करायचं सगळ्यात स्वस्त साधन आहे आणि सगळ्यात महागात पडणारं. नरक, सैतान, न्यायाचा दिवस हे पोरांना गप्प बसवायला वापरले की देव म्हणजे मोठा पर्यवेक्षक, हे मनात पक्कं होतं. पुढे कितीही 'देव प्रीती आहे' शिकवा. शिस्त तुमच्या नावावर लावा: "मला हा आवाज चालणार नाही." देवाला मध्ये आणू नका.

सांगायचं कसं? बायबल मांडीवर उघडं ठेवा, पण वाचू नका; डोळे मुलांकडे ठेवून सांगा. गोष्ट कुठून आली हे मुलांना दिसलं पाहिजे, एवढ्यासाठी ते पुस्तक. बालवर्गात सांगणं सात-आठ मिनिटं, तिसरीत पंधरा. प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा खिडकीत बसलेला एक तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला (प्रेषितांची कृत्ये २०). पौलाला त्याला जिवंत करता आलं. आपल्याला ती सोय नाही. आवाजाची नाटकं कमी करा. दोन-तीन लाकडी आकृत्या आणि वाळवंटासाठी एक कापड असलं तर उत्तम, नसलं तरी अडत नाही. गोष्ट संपली की थोडा वेळ काहीच बोलू नका. ही शांतता नव्या शिक्षकांना सहन होत नाही, पण मुलांना होते.

मग प्रश्न विचारा, पण ज्यांचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही असे. तुला यातलं काय आवडलं? कुठे कंटाळा आला? तू तिथे असतास तर कुठे उभा राहिला असतास? उधळ्या मुलाचा थोरला भाऊ शेवटी घरात गेला का? (लूकनं सांगितलेलं नाही.) त्यानंतर कोरा कागद द्या. छापील चित्र रंगवायला देणं सोपं असतं, मुख्याध्यापकांना भिंतीवर लावायलाही बरं दिसतं. पण तीस मुलांची तीस एकसारखी कापसाची मेंढरं पाहून मला एकाही मुलानं काय ऐकलं ते कळत नाही. कोऱ्या कागदावर कळतं. एखादं मूल नव्याण्णव मेंढरं काढत बसतं आणि विचारतं, "मेंढपाळ गेल्यावर यांच्याजवळ कोण होतं?"

अशा प्रश्नांना घाबरू नका. बायबलमध्ये मुलांना शिकवण्याची पद्धत बरेचदा मुलाच्या प्रश्नापासूनच सुरू होते. निर्गम १२ मध्ये वल्हांडणाबद्दल (मिसरातून सुटकेच्या सणाबद्दल) म्हटलं आहे की तुमची मुलं विचारतील, या उपासनेचा अर्थ काय, तेव्हा सांगा. यहोशवा ४ मध्ये यार्देन नदीतून बारा धोंडे आणून रचायला सांगितले जातात, कशासाठी, तर पुढे मुलं विचारतील, हे धोंडे कसले? आधी काहीतरी दिसतं, मग मूल विचारतं, मग मोठं माणूस सांगतं. आपण शाळेत हा क्रम मोडतो आणि न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून घेतो.

तरी ठरावीक प्रश्न येतातच. "देवाला कोणी बनवलं?" "कोणीच नाही. तो आधीपासूनच आहे. मलाही याचा विचार करताना चक्कर येते." "डायनोसॉर तारवात होते का?" बायबलमध्ये त्यांचं नाव नाही, एवढं सांगा आणि विज्ञानाच्या टीचरशी लढाई उभी करू नका. सगळ्यात अवघड असतो तो वेगळाच: "मी प्रार्थना केली होती, तरी आजी मेली." इथे तत्त्वज्ञान नको. 'देवाला ती हवी होती म्हणून नेली' हे तर मुळीच नको. मूल त्या देवाचा रागच करेल, आणि त्यात त्याचं चुकणार नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला (योहान ११:३५), ते सांगा. तेराव्या स्तोत्रात दावीद "किती वेळ?" असं देवालाच विचारतो, ते वाचून दाखवा. स्तोत्रसंहितेत तक्रारीची आणि रडण्याची स्तोत्रं भरपूर आहेत आणि आपण मुलांपर्यंत फक्त टाळ्यांची पोचवतो. दुःखातल्या मुलाला टाळ्या वाजवायला लावणं क्रूर आहे. आणि त्या दिवशी वर्गशिक्षिकेला आणि घरच्यांना कळवायला विसरू नका.

पाठांतर मला आवडतं, त्यामुळे इथे मी पक्षपाती आहे. लहानपणी पाठ केलेलं म्हातारपणी साथ देतं. पण दर आठवड्याला एक सुटं वचन, यापेक्षा एका सत्रात एक पूर्ण स्तोत्र बरं. तेविसावं स्तोत्र सहाच वचनांचं आहे. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" पासून सुरू केलं की दोन-तीन महिन्यांत पहिलीचा वर्ग ते सहज म्हणतो. ११७वं फक्त दोन वचनांचं. १३६व्याच्या प्रत्येक वचनात "कारण त्याची दया सनातन आहे" येतं: तुम्ही पहिला भाग म्हणा, वर्ग पालुपद म्हणेल, वाचता न येणारं मूलही सामील होतं. सुटी वचनं घ्यायचीच तर त्यांचं घर कुठे आहे ते बघून घ्या. यिर्मया २९:११ (तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव सांगतो ते वचन) खेळाच्या स्पर्धेआधी म्हणवून घेतात. ते बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबायला सांगितलं आहे. कुठली आवृत्ती वापरायची ते शाळेनं एकदाच ठरवावं, नाहीतर दरवर्षी शब्द बदलतात आणि मुलं अडखळतात. शिक्षा म्हणून वचन लिहायला देऊ नका. बक्षिसंही आवरती घ्या. ज्याच्या घरी म्हणवून घेणारं माणूस आहे तेच मूल दरवेळी जिंकतं.

गुणांबद्दल थोडक्यात: कथा कळली का, क्रम सांगता येतो का, पुस्तक शोधता येतं का, हे तपासा. विश्वास तपासू नका. प्रार्थना किती छान केली याला श्रेणी देणारी प्रगतिपुस्तकं मी पाहिली आहेत. शक्य असेल तर ती ओळ काढून टाकायला सांगा.

ख्रिस्ती शाळा म्हटलं तरी वर्गात एकाच मंडळीची (चर्चची) मुलं नसतात, आणि काही मुलं ख्रिस्ती घरातली नसतातही. कॅथलिक मुलाच्या घरच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, प्रॉटेस्टंट मुलाच्या ६६. दहा आज्ञा दोघांकडे आहेत पण क्रमांक वेगळे: कॅथलिक आणि लूथरन परंपरेत मूर्तीबद्दलचा भाग पहिल्या आज्ञेतच धरतात आणि लोभाच्या दोन आज्ञा करतात. त्यामुळे "चौथी आज्ञा कोणती?" याला दोन बरोबर उत्तरं येऊ शकतात, आणि ज्याला चूक दिली त्याची आई दुसऱ्या दिवशी शाळेत येते. प्रभूच्या प्रार्थनेचा शेवट, बाळाचा बाप्तिस्मा यांवरही घराघरांत फरक असतो. "तुमच्याकडे असं म्हणतात, त्यांच्याकडे तसं" असं साधेपणानं सांगा.

इतर धर्मांच्या घरांतली मुलं असतील तर तासाला काय सांगितलं जातं ते पालकांना आधीच उघडपणे कळू द्या, आणि प्रार्थनेच्या वेळी नुसतं शांत बसायची मोकळीक ठेवा. "ज्यांना येशू हवा त्यांनी हात वर करा" हे शाळेच्या वर्गात कोणाच्याच बाबतीत नको. सहा वर्षांचं मूल टीचरला आवडावं म्हणून हात वर करतं. आईसक्रीम कोणाला हवं, तेव्हाही तसाच करतं. त्या हातावरून काहीही ठरवू नये, आणि न केलेल्या हातावरून तर नाहीच.

सुरुवात कुठून, हे राहिलंच. पहिल्या महिन्यात बालवर्ग आणि पहिलीला फक्त दोन गोष्टी द्या: हरवलेलं मेंढरू आणि वादळ. दुसरी-तिसरीला योसेफ लावा. मुख्याध्यापकांकडे तास सकाळचा मागा. शेवटच्या तासाला दमलेल्या मुलांसमोर कोणतीही गोष्ट टिकत नाही. दुसऱ्या आठवड्यात तेच मेंढरू काढलंत की कोणीतरी म्हणेलच, "टीचर, हे झालंय." मग त्यालाच पुढे बोलावून सांगायला लावा. त्यानं काय गाळलं आणि काय मनचं घातलं ते वहीत टिपून ठेवा, आणि तिसऱ्या आठवड्याचा तास त्या टिपणावरून बेता.